शुक्री म्हणजे शुक्रवारी जन्मलेली : मुलींची नावं ‘सुधारणाऱ्या’ आपल्या लेखणीबद्दल



आज पाठ नाही, कविता नाही. आज हजेरीपटाबद्दल बोलायचं आहे. रोज सकाळी आपण पहिल्या पाच मिनिटांत जी नावं भराभर वाचून टाकतो, त्या नावांबद्दल.

मागच्या महिन्यात पाचवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिला इथे शुक्री म्हणू या. खरं नावही असंच, वारावरून ठेवलेलं आहे. बराच वेळ ओढणीचं टोक चावत राहिली आणि मग म्हणाली, “मॅडम, माझं नाव बदलून द्या ना. दाखल्यावर श्रावणी लिहा.”

“का गं?”

“शुक्री कोणाचं नाव असतं का?”

मग कळलं ते असं. तालुक्याच्या गावी एका स्पर्धेला आपली मुलं गेली होती. माइकवर हिचं नाव पुकारलं तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी फिदीफिदी हसलं. कोणी हसलं, कोणत्या शाळेचं, ते सोडून द्या. हसणारंही लेकरूच होतं. पण त्या दोन सेकंदांच्या हसण्याने दहा वर्षांच्या पोरीला स्वतःच्या नावाची लाज वाटू लागली, हे मात्र सोडून देण्यासारखं नाही.

हे नाव येतं कुठून?

म्हसावद हे शहादा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. आमच्या वर्गात भिल, पावरा घरांतली मुलं असतात, तशीच गुजर पाटलांच्या आणि अहिराणी बोलणाऱ्या घरांतलीही असतात. एका हजेरीपटात चार बोलीभाषा बसलेल्या असतात म्हणा ना.

भिल-पावरा घरांत जन्माच्या वारावरून नाव ठेवण्याची जुनी रीत आहे. सोमवारी जन्मली ती सोमी, मंगळवारची मंगली, बुधवारची बुधी, शुक्रवारची शुक्री. मुलगे सोम्या, मंगळ्या, बुध्या. कोणी सणाच्या दिवसांत जन्मलं तर सणाचं नाव. कुठे देवीचं नाव. याहामोगी म्हणजे देवमोगरा माता. ‘याहा’ म्हणजे आई. गुजरातमधल्या सागबारा तालुक्यात देवमोगरा इथे महाशिवरात्रीला तिची मोठी यात्रा भरते आणि आपल्या जिल्ह्यातूनही माणसं तिकडे जातात.

आता विचार करा. पाड्यावर ना कॅलेंडर होतं, ना जन्मनोंद. पण आठवड्याचा बाजार होता, त्यामुळे वार सगळ्यांना ठाऊक असायचे. ज्या आईने कधी पाटी धरली नाही, तिने लेकीच्या जन्माची नोंद लेकीच्या नावातच करून ठेवली. कागद फाटतो, भिजतो, वाळवी खाते. नाव मात्र हाक मारता मारता टिकतं. मला तरी ही अडाणीपणाची खूण वाटत नाही. लिहिता न येणाऱ्यांनी शोधलेली ती नोंदवहीच आहे.

माझी चूक

हे सगळं मी आज शहाणपणाने लिहिते आहे. पण २००६ साली, नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, दुसऱ्या एका शाळेत मी काय केलं तेही सांगते.

जून महिना होता आणि पटनोंदणी चालू होती. एक बाप मुलीला घेऊन आला. मी विचारलं, “नाव काय?” तो म्हणाला, “मंगली.” मी जनरल रजिस्टरमध्ये लिहिलं : मंगला. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. उलट वाटलं, चला, पोरीला ‘शुद्ध’ नाव मिळालं. बापाला वाचता येत नव्हतं. त्याने मी दाखवलेल्या जागी अंगठा उठवला आणि “बरं मॅडम” म्हणून गेला.

बारा वर्षांनी, २०१८ साली, तीच मुलगी शाळेत आली. बारावी झाली होती, नर्सिंगला जायचं होतं. जन्माच्या नोंदीत मंगली, आधार कार्डावर मंगली, जातीच्या दाखल्यावर मंगली आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मंगला. प्रतिज्ञापत्र झालं, चकरा झाल्या, राजपत्रात नावाची जाहिरात झाली. बापाची मजुरी बुडाली ती वेगळीच. आणि एवढं सगळं होईपर्यंत त्या वर्षीचा प्रवेश हुकला.

ती मला काहीच बोलली नाही. फक्त एवढं म्हणाली, “मॅडम, घरी मला अजून मंगलीच म्हणतात.”

एका वेलांटीच्या जागी मी काना दिला होता. त्या कान्याची किंमत त्या मुलीचं एक वर्ष.

मित्रहो, प्रत्येकाने आपापल्या रजिस्टरमध्ये डोकावून पाहा. बुधीची ‘बुद्धी’ झालेली सापडेल, सोमीची ‘सोनी’ झालेली सापडेल. आपण वाईट हेतूने केलं नाही, हे खरंच. पण हेतू चांगला असला म्हणून दाखला दुरुस्त होत नाही.

‘चांगलं नाव’ ठरवतं कोण?

आपण ‘चांगलं नाव’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात एक यादी असते. ती यादी मालिकांमधून, पुस्तकांमधून, शेजारपाजारच्या बारशांमधून आलेली असते. पण जरा मागे गेलं की आपल्याच घरांत काय दिसतं? मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, भिकू अशी नावं ठेवली जात. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. धोंडा म्हणजे दगड. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं तेव्हा नाव आड आलं नाही. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यात दगडाबाई शेळके होत्या. आपण आदराने नाव घेतो की नाही?

मुलींच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. मुलीचं नाव आपलं आहे असं समाजाने फारसं मानलंच नाही. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांमध्ये जिचं नाव घेतो ती आनंदीबाई जोशी जन्माने यमुना होती. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका. लग्नाच्या ताटातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं नाव संपलं. आपण त्या प्रथेवर भाषणं करतो, निबंध लिहून घेतो. आणि आपणच जून महिन्यात, तांदळाऐवजी रजिस्टरमध्ये, अंगठीऐवजी पेनाने, तेच करतो.

मग सगळीच जुनी नावं जपायची का?

हा प्रश्न रास्त आहे. एका सहकारी सरांनी मला तो लगेच विचारला : “मॅडम, मग साताऱ्याच्या नकोशींचं काय?”

बरोबर आहे. घरात मुलीवर मुली झाल्या की पुढच्या मुलीचं नाव ‘नकोशी’ ठेवायचं, म्हणजे त्यानंतर मुलगा होईल, अशी समजूत होती. सातारा जिल्हा परिषदेने अशा मुलींचा शोध घेतला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये एका समारंभात २८५ मुलींना नवी नावं दिली. फार चांगलं काम झालं ते. मुलींनी स्वतः पसंत केलेली नावं त्यात होती, हे त्यातलं सगळ्यात मोलाचं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. जपानमध्ये जुन्या पिढीत ‘तोमे’ आणि ‘सुए’ अशी बायकांची नावं सापडतात. तोमे म्हणजे थांब, सुए म्हणजे शेवट. आता मुलं पुरे, हे आईबापांनी लेकीच्या नावातूनच सांगितलेलं. त्याच जपानमध्ये हानाको हे नावही आहे. हाना म्हणजे फूल, को म्हणजे लेकरू. एकाच देशात, एकाच काळात, एका मुलीला फूल म्हटलं आणि दुसरीला थांब म्हटलं.

तेव्हा फरक इथे आहे. नकोशी हे नाव त्या मुलीला रोज सांगतं की तू यायला नको होतीस. शुक्री हे नाव सांगतं की तू शुक्रवारी आलीस. पहिल्यात नकार आहे, दुसऱ्यात नोंद आहे. पहिलं बदलायला मदत करायची, दुसरं जपायला. दोन्ही नावं आपल्या कानाला ‘गावठी’ वाटतात म्हणून एकाच पिशवीत कोंबायची नाहीत.

वारावरून नाव ठेवणारे आणखी लोक

शुक्रीला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक नाव लिहिलं : कोफी अन्नान.

संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस, १९९७ ते २००६. शांततेचं नोबेल २००१ साली. देश घाना. मुलांना म्हटलं, ‘कोफी’चा अर्थ काय असेल? कोणी म्हणालं कॉफी पिणारा. वर्ग हसला, मीही हसले. मग सांगितलं : घानामधल्या अकान लोकांत मुलाला जन्माच्या वारावरून नाव मिळतं. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८, वार शुक्रवार. त्यांना एक जुळी बहीण होती. तिचं नाव एफुआ, म्हणजे शुक्रवारी जन्मलेली मुलगी.

वर्गात एकदम शांतता. मग मागून एक पोरगा ओरडला, “म्हणजे शुक्रीच की!”

शुक्रीने मान खाली घातली होती. पण कान लाल झाले होते आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, ते मला दिसलं.

आपल्या जवळची उदाहरणंही सांगितली. शेजारच्या गुजरातच्या लोकगायिका दिवाळीबेन भील, १९९० साली पद्मश्री. नावातच सण. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडच्या भिल चित्रकार भूरीबाई, २०२१ साली पद्मश्री. आणि आपल्या खान्देशच्या बहिणाबाई. ‘बहीण’ या साध्या नात्याच्या शब्दाचं नाव झालं आणि आज त्याच नावाने जळगावचं विद्यापीठ ओळखलं जातं. नावामुळे माणूस मोठा होत नाही. माणसामुळे नाव मोठं होतं. हे वाक्य आपण सुविचार म्हणून फळ्यावर लिहितो. मग हजेरी घेताना ते पाळू या.

आपण काय करू शकतो?

शिक्षकांसाठी : प्रवेशाच्या वेळी जन्मनोंद आणि आधार समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच उतरवा. लिहिलेलं पालकांना मोठ्याने वाचून दाखवा, मगच सही किंवा अंगठा घ्या. इंग्रजी स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे ना, ते पाहा. आणि हजेरी घेताना नाव घरी उच्चारतात तसं उच्चारा. माहीत नसेल तर मुलीलाच विचारा, त्यात कमीपणा नाही.

वर्गासाठी एक उपक्रम : ‘माझा वार कोणता?’ मुलांनी जन्मतारखेवरून वार शोधायचा. ३६५ला ७ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून वाढदिवस दरवर्षी एक वार पुढे सरकतो. मधे २९ फेब्रुवारी आला तर दोन वार. भागाकार, बाकी, लीप वर्ष, तिन्ही गोष्टी एका तासात होतात. आमच्या वर्गात मग पाटलांची मुलगी ‘बुधी’ निघाली आणि मी स्वतः ‘सोमी’. दिवसभर मुलं मला सोमी मॅडम म्हणत होती. शेवटी घरी जाऊन आजीला विचारायचं : माझं नाव कोणी ठेवलं, का ठेवलं? आणि चार ओळी लिहून आणायच्या.

पालकांसाठी : तुमच्या मुलीचं नाव पुस्तकातलं असो की पाड्यावरचं, तिला त्याची गोष्ट सांगा. ज्या नावाची गोष्ट मुलीला माहीत असते, त्या नावाला कोणी हसलं तर ती उत्तर देऊ शकते. आणि तुमचं मूल दुसऱ्याच्या नावाला हसलं, तर तेव्हाच थांबवा. ‘लहान आहे’ म्हणून सोडू नका.

मोठी झाल्यावर मुलीला स्वतःहून नाव बदलायचं असेल तर तो तिचा हक्क. कायद्याने मार्ग आहे, तिने खुशाल बदलावं. पण लाजेने बदलणं वेगळं आणि आवडीने बदलणं वेगळं. आणि तिच्या वतीने आपण बदलणं तर फारच वेगळं.

शेवटी एक गोष्ट लक्षात आणून द्यायची आहे. राज्य शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या नावात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं आहे. ही बाळं २०३०च्या आसपास आपल्या पहिलीच्या वर्गात येतील. तेव्हा दाखल्यावर, गुणपत्रिकेवर, आयुष्यभर प्रत्येक कागदावर त्यांच्या आईचं नाव असेल. आजची शुक्री, मंगली, बुधी याच उद्याच्या आया आहेत. आपल्या आईचं नाव ते मूल वर्गात उभं राहून मोठ्याने सांगेल की तोंडातल्या तोंडात पुटपुटेल, हे आज आपण हजेरी कशी घेतो यावर ठरणार आहे.

शुक्रीने पुन्हा श्रावणीचा विषय काढलेला नाही. उपक्रमाच्या वहीत तिने चार ओळी लिहून आणल्या. आजीने पावरीत सांगितलेलं तिने मराठीत उतरवलं होतं : पाऊस होता, रात्र होती, शुक्रवार होता. आजी दारात बसली होती. पहिली मुलगी झाली म्हणून आजीने गूळ वाटला.

खाली मोठ्या अक्षरात नाव लिहिलं होतं. मी लाल पेन हातात घेतलं होतं, पण दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. फक्त सही केली.

तुमच्या हजेरीपटातल्या नावांच्या गोष्टीही एकदा विचारून पाहा.