पाण्याला दिसणारा उतार



पेरणी-खुरपणीच्या गोष्टी आज बाजूला ठेवू. कुंभारीच्या शिवारातल्या एका कोरड्या शेततळ्याची हकीकत सांगायची आहे. त्या तळ्याची जागा मीच दाखवली होती, त्यामुळे सांगताना जरा जड जाते.

२०१२ च्या दुष्काळात पोळलेल्या एका कुटुंबाने पुढच्या उन्हाळ्यात शेततळे खणायचे ठरवले. दोन म्हशी विकून पैसा उभा केला. मी बांधावर उभा राहिलो, चहूकडे नजर फिरवली आणि "हा कोपरा खोलगट आहे, इथेच घ्या" असे सांगून मोकळा झालो. घरातली म्हातारी म्हणाली, "सायेब, पाणी तिकडनं लिंबाखालनं जातंय की. हिकडं कुठं येतंय?" मी नुसता हसलो. सप्टेंबरात मोठा पाऊस झाला तेव्हा पाणी लिंबाखालूनच गेले. तळ्यात साचले ते गुडघाभर.

डोळा का फसतो, ते पाहा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून आपला हा दख्खनचा काळा खडक तयार झाला. हे थर बहुतांशी आडवे आहेत. म्हणून आपल्याकडे माळ लांबच लांब आणि उतार अगदी बेताचा. त्यातच कुठे बांध उंच, कुठे तूर उंच, कुठे ज्वारी काढलेले रान मोकळे. नजरेला खोलगट वाटते ती जागा खोल असेलच असे नाही.

जमिनीचा हा चढउतार मोजून तिची घडण कशी झाली ते सांगणारे एक शास्त्र आहे, भूरूपशास्त्र. पुणे विद्यापीठात भूगोलाचे प्राध्यापक राहिलेले डॉ. विश्वास काळे हे त्यातले मोठे नाव. नद्या आणि त्यांचे पूर हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय. सह्याद्रीचा कडा कसा घडला, दख्खनची पश्चिम कड वर उचलली गेल्याची खूण तिथल्या नद्यांच्या खोऱ्यांत सापडते का, हे प्रश्न त्यांनी सहकाऱ्यासह २००७-०८ च्या सुमारास संगणकावरच्या उंचीच्या नकाशावरून तपासले.

हा उंचीचा नकाशा म्हणजे काय? पूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाचा छापील नकाशा घेऊन बसावे लागे. त्यात सारख्या उंचीच्या रेषा साधारण वीस-वीस मीटरच्या फरकाने असतात. आपल्यासारख्या मुलखात दोन रेषांच्या मधे अर्धे शिवार मावून जाते, मग तळ्याची जागा कशी कळावी? फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या 'एंडेव्हर' यानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने उंची मोजली. रडारचा एक कान यानात, दुसरा साठ मीटर लांब दांड्याच्या टोकाला. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे दोन का लागतात ते कळेल. पुढे मे २००५ मध्ये आपल्या 'इस्रो'ने 'कार्टोसॅट-१' सोडला. त्यात दोन कॅमेरे होते, एक पुढे झुकलेला, एक मागे.

या मोजणीतून जमिनीचे तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद असे चौकोन पडतात. म्हणजे सुमारे नऊ गुंठे. प्रत्येक चौकोनाला उंचीचा एकच आकडा. संगणक दर चौकोनाच्या आठही शेजाऱ्यांची उंची पाहतो आणि जो सर्वांत खाली, त्याच्याकडे पाणी धाडतो. (भाऊबंदकीत असे सरळ वाटप झाले असते, तर कोर्टे ओस पडली असती!) असे बाण जुळत गेले की ओढा दिसतो. जिथून बाण दोन्हीकडे फाकतात, ती पाणलोटाची धार.

मागाहून मी ते शिवार अशा नकाशावर पाहिले. धार त्या कुटुंबाच्या रानातूनच गेली होती. तळे धारेच्या अलीकडे आणि बहुतेक रानाचे पाणी पलीकडच्या ओढ्याला. म्हातारीचे बोट होते तिकडेच. मग त्यांनी धारेच्या वरच्या अंगाने एक चर काढून थोडे पाणी वळवून घेतले. तळे आता अर्धेअधिक भरते, पण म्हशी गेल्या त्या गेल्याच.

आता दुसरी बाजू. नकाशावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. नऊ गुंठ्यांना एकच उंची, तेव्हा तुमचा हातभर उंचीचा बांध त्याला दिसणारच नाही. रडारला दाट झाडीचा शेंडाही जमीनच वाटतो. शिवाय २००० सालच्या मोजणीला नंतरचे काय ठाऊक? आपल्या कुंभारीतच रे नगरची पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात दिली गेली. पत्र्यावर, सिमेंटवर पडलेले पाणी मुरत नाही, धावत सुटते. रस्त्याचा भराव ते भलतीकडे वळवतो. जुन्या नकाशात यातले काहीच नाही.

म्हणून तळे, विहीर किंवा नालाबांध घेण्याआधी पाणलोटाचा नकाशा पाहायला सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे जरूर मागा आणि तो घेऊन रानात चला. मोठ्या पावसात डोक्यावर पोते घेऊन बाहेर पडा आणि पाणी वाहते तिथे खुंट्या ठोका. उघडीप झाली की दहा-पंधरा मीटर पारदर्शक नळी घ्या. तिच्यात पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही टोके सारख्या मापाच्या, खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधा. एक काठी तळ्याच्या जागी, दुसरी खुंटीजवळ धरा. नळीतले पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला थांबते. ज्या काठीवर ते जमिनीपासून जास्त उंच दिसेल, ती जागा खोल. आणि हे सगळे चालू असताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बांधावर बसवायला विसरू नका.