गासड्यांच्या ढिगाआड

मुंबईतील कुलाब्याच्या ‘कॉटन ग्रीन’ची एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रे आज कौतुकाने पाहिली जातात. उघड्या मैदानावर रचलेले कापसाच्या गासड्यांचे ढीग पाहून सहजच उद्गार निघतो, ‘केवढे हे वैभव!’ परंतु चित्र जरा निरखून पाहिले की ध्यानात येते, दलाल आहेत, हमाल आहेत. ज्याने कापूस पिकवला तो मात्र कोठेच नाही.

तो होता खानदेश-वऱ्हाडाच्या काळ्या मातीत. १८६७ मध्ये लोहमार्ग भुसावळहून नागपूरपर्यंत पोहोचला आणि वाटेवरचे बोदवड थेट त्या किनाऱ्याशी जोडले गेले. लोहमार्गामागे लोककल्याणापेक्षा लँकेशायरच्या गिरण्यांची भूक अधिक होती. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस थांबला, तेव्हा मुंबईत सोन्याचा पूर आला. युद्ध संपताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. कुलाब्याचा भाव बोदवडच्या शेतकऱ्याच्या हाती कधीच नव्हता.

पुढे येथील गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा लँकेशायरच्या हितासाठी १८९६ मध्ये देशी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लादला गेला. तो स्थगित व्हायला १९२५ साल उजाडावे लागले. बंदरावरचा कर कोणासाठी असतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

राज्य परकीयांचे होते, असे म्हणून तेव्हा समाधान करून घेता येत होते. आज तीही सोय नाही. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि पुढे ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. अमेरिकेच्या वाढीव शुल्काने अडचणीत आलेल्या वस्त्रोद्योगाला आधार हवा होता, हे खरे. लाखो कामगारांची चूल त्यावर पेटते. परंतु नेमक्या त्याच महिन्यांत खानदेशातील नवा कापूस बाजारात येतो. उद्योगाला दिलेल्या सवलतीचा भार शेतकऱ्याने का सोसावा? तो भार सरकारी तिजोरीने उचलणे हाच न्याय ठरला असता.

स्वदेशीचा विचार केवळ कापड कोठे विणले एवढ्यावर थांबत नाही. त्याचा आरंभ कापूस वेचणाऱ्या हातांपासून होतो. उद्या आजच्या बंदरांची छायाचित्रेही कोणीतरी अशीच निरखून पाहील. त्यात बोदवडचा शेतकरी दिसणार की पुन्हा गासड्यांच्या ढिगाआडच राहणार, याचे उत्तर आजच्या धोरणकर्त्यांनी द्यायचे आहे.