विश्वस्त कोण, मालक कोण?

सॅम ऑल्टमन यांचा जन्म १९८५ चा. २००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी ‘लूप्ट’ ही कंपनी काढली. मित्र कोठे आहेत हे मोबाइलवर दाखविणारी ही सेवा फारशी रुजली नाही. तरी २०१२ साली ती चार कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. पुढे ते गुंतवणूकदार झाले आणि २०१४ साली, तिशीच्या आतच, नव्या कंपन्यांना भांडवल पुरविणाऱ्या ‘वाय कॉम्बिनेटर’चे अध्यक्ष. त्यांच्या बुद्धीविषयी आम्हांला शंका नाही. परंतु अपयशही ज्याला फळते, त्याच्या यशाला केवळ कर्तृत्व म्हणणे भाबडेपणाचे होईल.

खरा प्रश्न पुढचा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनी इतरांसह ‘ओपनएआय’ स्थापिली, ती नफ्यासाठी नव्हे तर अखिल मानवजातीच्या हितासाठी, अशा घोषणेसह. २०१९ साली तिच्या पोटी नफा कमावणारी कंपनी जन्मली आणि मायक्रोसॉफ्टचे शंभर कोटी डॉलर आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये संचालक मंडळाने ऑल्टमन यांना दूर केले. पाच दिवसांत ते परतले आणि मंडळच बदलले. बहुसंख्य कर्मचाऱ्यांनी राजीनाम्याचा इशारा दिला होता. यात श्रमिकांची एकजूट पाहून कोणी हरखून जाऊ नये. त्यांपैकी अनेकांचा कंपनीच्या नफ्यात वाटा होता. ऑक्टोबर २०२५ च्या फेररचनेत मूळ धर्मादाय संस्थेकडे सुमारे २६ टक्केच हिस्सा उरला. नियंत्रण तिचेच, असे सांगितले जाते. पण त्या नियंत्रणाची कसोटी २०२३ मध्येच लागली होती.

याच यंत्राला सभ्य भाषा शिकविण्यासाठी केनियातील कामगारांनी अत्यंत किळसवाणा मजकूर वाचून त्याची वर्गवारी केली. त्यांना तासाला दोन डॉलरहूनही कमी मजुरी मिळत होती, असे ‘टाइम’ने जानेवारी २०२३ मध्ये उघड केले. त्यांना हिस्सा मिळाला नाही.

गांधीजींनी विश्वस्ततेचा विचार मांडला तेव्हा समाजवाद्यांनी विचारले होते: विश्वस्त ढळला, तर त्याला जाब विचारणार कोण? ऑल्टमन व्यक्ती म्हणून भले असतील वा नसतील. उत्तर त्यांच्या स्वभावावर सोपविता येणार नाही. मानवजातीच्या नावाने जे उभारले, त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार लोकनियुक्त सत्तेला आणि त्यात राबणाऱ्यांना कायद्यानेच मिळाला पाहिजे.