छत्तीस तासांची परवानगी



कॉलेजातून आलेली मुलगी जेवताना हळूच विषय काढते, "अब्बा, आमची टीम हॅकॅथॉनला चालली आहे. मलाही घेतलंय. एक रात्र तिथंच राहावं लागेल." अब्बांचा घास हातातच राहतो. अम्मी म्हणते, "रात्रभर? हे कसलं शिक्षण?" शिरूर असो की दौंड, असा प्रसंग आपल्यापैकी कुणाच्याही घरी येऊ शकतो. म्हणून या महिन्यात त्याविषयी.

आधी शब्दाची भीती काढू. 'हॅक' म्हटलं की बँकेच्या खात्यातून पैसे पळवणारे आठवतात. इथे अर्थ वेगळा आहे. युक्तीनं अडचण सोडवायची, तीही मॅरेथॉनसारखं न थांबता, म्हणून हॅकॅथॉन. केंद्र सरकारची 'स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन' २०१७ साली सुरू झाली. सरकारी खाती आपल्या खऱ्याखुऱ्या अडचणी मांडतात आणि कॉलेजचे विद्यार्थी त्यावर उपाय तयार करतात. सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग ३६ तास चालते. टीम सहा जणांची, आणि त्यात किमान एक मुलगी असलीच पाहिजे, असा नियम आहे.

म्हणजे जागा राखलेली आहे. अडतं ते घराच्या उंबरठ्यावर.

आपल्या मुलींकडे सांगण्यासारखं खूप आहे. शिरूरच्या उसात बिबट्या दबा धरून असतो आणि शेतीची वीज अनेकदा रात्री येते. मोटार चालू करायला जाणाऱ्याची वाट पाहत घर जागं राहतं. दौंडच्या बाजूला भीमेचं पाणी आहे, गुऱ्हाळं आहेत, कुरकुंभचे कारखाने आहेत. ज्या घरचा माणूस बॅटरी घेऊन रात्री शेतात जातो, त्या घरच्या मुलीला ही अडचण शहरातल्या मुलापेक्षा जास्त कळते. फक्त ती टेबलापर्यंत पोहोचली पाहिजे.

आई-वडिलांची काळजी चुकीची नाही. पण काळजी म्हणजे नकार नव्हे. कॉलेजात जाऊन विचारा: सोबत शिक्षिका आहेत का? मुलींच्या विश्रांतीची सोय कुठे? जेवण कसलं? नमाजला जागा मिळेल का? शिक्षकांचा फोन नंबर घ्या. पुण्याला जायचं असेल तर दौंडहून रेल्वे आहे, शिरूरहून एसटी. पहिल्या वेळी अब्बांनी स्वतः सोडून यावं. आणि हेच प्रश्न मुलगा निघाला तरी विचारावेत.

दोन दिवसांत नोकरी मिळत नाही. बक्षीसही थोड्यांनाच मिळतं. पण अनोळखी परीक्षकांसमोर उभं राहून आपलं म्हणणं मांडणं, चूक झाली तर रात्रीतून दुरुस्त करणं, पाच जणांशी जुळवून घेणं, हे तिथं शिकायला मिळतं. उद्या मुलाखतीला बसताना तेच कामी येतं.

घरात शाळकरी मुलं असतील तर सुरुवात जवळच करता येईल. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तिथं भरणाऱ्या प्रदर्शनात आसपासच्या शाळांची मुलं आपले प्रयोग मांडतात. सगळ्यांनी मिळून जा. मुलीला पुढे उभं करा आणि तिला प्रश्न विचारू द्या.

तिथं प्रश्न विचारायला शिकलेली मुलगी पुढे कधीतरी जेवताना तो विषय काढेल. तेव्हा अब्बांनी घास खाली ठेवून आधी एवढंच विचारावं, "बेटा, अडचण कोणती निवडलीत?"