फिरले ते देऊळ

आमच्या हिंगोली जिल्ह्यात नर्सी आहे आणि औंढा नागनाथही आहे. नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढ्याच्या देवळात ते कीर्तनाला उभे राहिले तेव्हा, शिंप्याच्या पोराचे येथे काय काम, म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना हुसकावले. ते देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, अशी कथा आहे. हा इतिहास नव्हे, मान्य. परंतु ज्यांनी ही कथा शतकानुशतके सांगितली, त्यांना फिरायचे कोणी हे नेमके कळत होते. मागे जाऊन नामदेवांना शांती लाभली, एवढ्यावरच कथा संपती तर पुजाऱ्यांना ती फार आवडली असती.

हे आठवण्याचे कारण, अपमानितांनी ध्यान शिकावे असा उपदेश अलीकडे फार ऐकू येतो. श्वासाकडे पाहावे, उठणारा संताप तटस्थपणे न्याहाळावा, म्हणजे भेदभावाचा डंख बोथट होतो म्हणे. २०१४ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांना असे आढळलेही, की ज्यांच्या ठायी ही सजगता अधिक, त्यांच्यात भेदभावाचा अनुभव आणि खिन्नता यांचा संबंध क्षीण असतो. मी हे नाकारीत नाही. पाणवठ्यावर अडवलेल्या माणसालाही रात्री झोप लागली पाहिजे. त्याच्या हातचे औषध हिसकावण्याचा अधिकार मला नाही.

माझे भांडण वैद्यांशी आहे. रोग एकाला आणि औषध दुसऱ्याला, ही कुठली चिकित्सा? खोली भाड्याने देण्यापूर्वी आडनाव विचारणाऱ्या घरमालकाला, "ते ऐकताच तुमच्या मनात काय उठले, जरा न्याहाळा," असे कोणी सांगत नाही!

आणि हे सारे बुद्धाच्या नावाने चालते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली, ती अपमान सोसण्याची शक्ती वाढावी म्हणून नव्हे. धम्म म्हणजे माणसामाणसांतील योग्य व्यवहार, असे त्यांनी मांडले. सम्यक् स्मृती हे अष्टांगमार्गाचे एक अंग खरे. पण सम्यक् वाचा आणि सम्यक् कर्म ही अंगे त्याच मार्गाची आहेत, आणि ती घरमालकालाही लागू पडतात.

१९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. दरम्यान १९७९ साली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला होता. त्यांतले कोणी पहाटे ध्यानाला बसतही असतील. मग उठून ते चालू लागले असतील.