पंचगंगेचे पाणी आणि माणसाचा रक्तदाब

जुलै उजाडला की राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याची पातळी हा कोल्हापुरात घरोघरचा विषय होतो. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे येथील शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तोच प्रसंग ओढवला. तेव्हापासून प्रयाग चिखली, आंबेवाडी काय किंवा शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडी, कुरुंदवाड काय, नदीकाठच्या माणसाला पावसाचा आवाज ऐकून स्वस्थ झोप लागत असेल, असे म्हणवत नाही.

पूर ओसरला की पंचनामे होतात. पडक्या भिंती, दगावलेली जनावरे, कुजलेला ऊस यांची मोजदाद होते. उडालेल्या झोपेसाठी मात्र त्या कागदावर रकाना नाही.

वस्तुतः ही हानी भिंतीइतकीच खरी आहे. संकट समोर दिसताच अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात उतरतात. हृदयाची गती, रक्तदाब, रक्तातील साखर वाढते. कमरेइतक्या पाण्यातून दावणीच्या म्हशी बाहेर काढणाऱ्यास हेच बळ तारते. परंतु निसर्गाची ही योजना घटका-दोन घटकांसाठी आहे. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, सततच्या आघाताने या ग्रंथी सुजतात आणि जठरात व्रण पडतात. माणसाचा आघात तर पाण्याबरोबर ओसरतही नाही. भरपाई केव्हा मिळेल, पीककर्जाचे काय होईल, या विवंचनेत महिने जातात. साहाय्याच्या रकमेइतकेच तिच्या तारखेला महत्त्व आहे, ते यामुळेच. धरणांतून किती विसर्ग होणार, हे वेळेवर व निःसंदिग्ध शब्दांत सांगणे हादेखील आमच्या मते एक औषधोपचारच होय. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या वार्तेबरोबर अफवांचेही दरवाजे उघडतात, हा अनुभव कोणास नाही?

आणखी एक अडचण आपल्या स्वभावातली आहे. कोल्हापूर हे तालमींचे गाव. छाती धडधडते, जीव घाबरा होतो, असे सांगणे येथे पुरुषाला कमीपणाचे वाटते. मग पित्ताची गोळी घेतली जाते, नाहीतर बाटली जवळ केली जाते. गंमत अशी, की ताणावरचे अर्धे उपाय याच तालमीत सापडतात : पहाटे उठणे, घाम गाळणे, वेळेवर निजणे आणि चार माणसांत बसून बोलणे. पेठांतील तालमींनी पूरकाळात जेवणाबरोबर अशा बोलण्यालाही जागा दिली, तर ते त्यांच्या परंपरेला साजेसेच ठरेल. अर्थात जेथे झोप व भूक आठवडेच्या आठवडे हरपते, किंवा जगणे नकोसे वाटू लागते, तेथे वैद्यकीय उपचारच हवेत. शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निवारा केंद्राच्या भिंतीवर ठळक लिहिलेला असावा.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. त्याचा लाभ पूरग्रस्तांना द्यायचा, तर आरोग्य पथकाने निवारा केंद्रात लेप्टोच्या गोळ्यांबरोबर प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब तपासावा आणि झोपेची चौकशी करावी. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या कितीतरी रुग्णांच्या गोळ्या घरातच पाण्याखाली गेलेल्या असतात. त्या त्याच दिवशी हाती पडाव्यात. हे काम लोक निवाऱ्यात असतानाच उरकले पाहिजे. एकदा पाणी उतरले आणि घरातला गाळ उपसायला माणसे परतली, की रक्तदाब मोजून घ्यायला सवड कोणाला मिळणार?