टिंबाच्या फायलींचे दप्तर

संगणक बदलला की वर्षानुवर्षे बसविलेली घडी विस्कटते, हा अनुभव आम्हीही घेतला आहे. लिनक्सवर आपल्या आवडीनिवडी ‘.बॅशआरसी’सारख्या, टिंबाने आरंभ होणाऱ्या व म्हणूनच एरवी न दिसणाऱ्या फायलींत असतात. त्या आम्ही एका फोल्डरात हलविल्या आणि मूळ जागी केवळ सांकेतिक दुवे ठेवले. दुव्यावरून संगणक खऱ्या फायलीपाशी पोचतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली रचलेले ‘गिट’ या फोल्डरातील नोंदविलेल्या बदलांचे दप्तर राखते. त्याची प्रत अन्यत्र ठेवावी. नव्या यंत्रावर ती उतरवून दुवे जोडले की जुनी घडी परत बसते. मात्र परवलीचा शब्द त्यात कदापि नसावा. मागाहून खोडला तरी जुन्या नोंदींत तो उरतोच. चुकून गेलाच, तर आधी तो शब्दच बदलावा.